मालकांचं पान

आमचे मालक आज कुठल्या पानावर जेवायला बसणार, हे त्यांच्या कुलदैवतालाही सांगता आलं नसतं. रेवसच्या बंदरावर त्यांची खानावळ होती. मुंबईची आगबोट लागली की उतारू थेट आमच्या दारात येत, कारण पुढे अलिबागकडे जाणारे टांगे जुंपून होईपर्यंत पोटात काहीतरी घालून घेण्याइतकाच वेळ असे. म्हणून आम्ही पानं आधीच मांडून आणि वाढून तयार ठेवायचो. उतारूने यायचं, एखाद्या पाटाशी आपलं गाठोडं नाहीतर छत्री ठेवून जागा धरायची, मागच्या दारी हातपाय धुवायचे आणि येऊन बसायचं. सगळे बसायला लागले की मालक गल्ल्यावरून उठत. हात पाठीमागे बांधून पंगतीतून एक चक्कर मारत. मग एखाद्या भल्या माणसापुढे थांबून म्हणत, "तुम्ही जरा त्या रिकाम्या पाटावर बसा. हे पान माझं."

त्यासाठी एक पान रोज जास्तीचं वाढलेलं असे. नेहमीचे लोक मुकाट्याने उठत. नवखे चिडत. एकदा एका शिरस्तेदाराने विचारलं, "का हो, माझ्या पानात असं काय आहे?" मालक म्हणाले, "तेच बघायचंय." शिरस्तेदार उठला खरा, पण पलीकडच्या पाटावर बसून त्याने प्रत्येक घास उलटापालटा करून बघितला. मालकांच्या संशयाची लागण अशी चटकन व्हायची.

बंदरावर या सवयीचा अर्थ लोकांनी आपापल्या मगदुराप्रमाणे लावला होता. टांगेवाले म्हणायचे, कुणा ज्योतिषाने मालकांना सांगितलंय की अन्नातून मरण येईल, म्हणून ते स्वतःचं पान ठरवूच देत नाहीत. मला मात्र मालकांनी स्वतः वेगळंच कारण सांगितलं होतं. "मालकाचं पान ओळखू आलं की वाढप्याचे दोन हात होतात. एक मालकासाठी, एक लोकांसाठी. मला एकाच हाताचा वाढपी पाहिजे." न्यायाने बोलायचं तर त्यांच्या या युक्तीमुळे आमच्याकडे कुणाच्याच पानात दुजाभाव नव्हता. आमटी सगळ्यांना सारखीच पातळ मिळायची.

मी त्यांच्याकडे नोकरी मागायला गेलो तो प्रसंग अजून आठवला की माझं डोकं फिरतं. मी त्या आधी मुंबईत गिरणीत होतो. संप झाला, बरेच दिवस चालला, आणि मी गावी परत आलो. भाताच्या शेतीवर आधीच माझे तिघे भाऊ, त्यात चौथ्याचं पोट भरणं कठीण. मामाने सांगितलं, बंदरावर वाढपी पाहिजे आहे, जा. मी गेलो. मालक गल्ल्यावर बसून तपकीर ओढत होते. उंच, सडसडीत, कपाळावर कायमची आठी आणि नाक असं की वास आधी त्यांना यायचा आणि मग इतरांना.

"कुणी पाठवलं?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही. मीच आलो."

"कुणी पाठवल्याशिवाय माणूस येत नाही."

"मामाने सांगितलं म्हणून आलो."

"म्हणजे आधी खोटं बोललास."

मी जायला वळलो, तर मालक म्हणाले, "कुठे चाललास? ज्याचं खोटं पकडता येतं तो माणूस बरा. सकाळी ये." अशी माझी नेमणूक झाली. कामाला लागण्याआधीच मी लबाड ठरलो होतो, आणि पुढे जितकी वर्षं तिथे होतो तितकी वर्षं तो शिक्का काही पुसला गेला नाही.

खानावळीच्या मधोमध जमिनीवर गेरूची एक जाड रेघ ओढलेली होती. रेघेच्या खाडीकडच्या बाजूला माशांची पंगत, रस्त्याकडच्या बाजूला साधी पंगत. साध्या पंगतीला कचेरीची माणसं, गुजराती व्यापारी, वार पाळणारे आणि उपासतापासवाले बसत. चूल वेगळी, भांडी वेगळी, वाढपी वेगळा. मी साध्या बाजूचा. रेघ ओलांडायची वेळ आलीच तर उंबऱ्याजवळच्या घंगाळात हात धुवायचे आणि मालकांपुढे धरायचे. मालक हात हुंगत. माझ्या बोटांना वालाच्या बिरड्याचा वास आला तर विचारत, "वाढताना लागला की खाताना?" वास नाही आला तर म्हणत, "एवढे चोळून धुतलेस? का बरं?" दोन्हीकडून आपणच अडकतो हे कळल्यावर मी उत्तर देणंच सोडून दिलं. मग ते म्हणू लागले, "हल्ली गप्प असतोस."

माशांच्या बाजूची चूल गोदाआत्या सांभाळायची. ती उरणकडची, मिठागरात राबून हातापायांना भेगा पडलेली, आणि मालकांच्या तोंडावर बोलणारी बंदरावरची एकटीच बाई. मी नवीन असताना मालकांची चांदीची तपकिरीची डबी मला खिडकीत सापडली. मी धावत नेऊन दिली. मालकांनी डबी घेतली, उघडली, आतल्या तपकिरीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे इतका वेळ पाहिलं की मला वाटलं मीच ती चोरली असावी. त्या दिवसापासून माझ्यावरची नजर दुप्पट झाली. मी वैतागून गोदाआत्याला सांगितलं, तेव्हा ती चुलीतलं लाकूड मागे ओढत हसली.

"डबी त्यानंच ठेवलेली व्हती, येड्या. समद्यांसाठी ठेवतो."

"मग मी परत दिली ना?"

"लगेच दिलीस. त्याला वाटलं, एवढ्या लवकर देतोय म्हंजी ह्याचा डोला मोठ्या गोष्टीवर हाय. जरा ठेवायची, मंग द्यायची."

असा हा न्याय. चोरावं तर चोर, परत करावं तर दरोडेखोर.

त्यांचा घड्याळावरही विश्वास नव्हता. भिंतीवर एक चांगलं घड्याळ होतं, पण त्याच्याकडे ते ढुंकून बघत नसत. "घड्याळाला किल्ली माणूस देतो," म्हणायचे. खाडीत एक खुंट रोवला होता, त्याच्यावर पाणी कुठवर चढलं ते पाहून ते भात चढवायला सांगत. भरती असली की बोट धक्क्याशी येई आणि लगेच निघे. ओहोटी असली की ती लांब उभी राहायची, उतारू होडीतून आणि गुडघाभर चिखलातून यायचे, आणि जेवायला निवांत बसायचे. भरतीच्या दिवशी परतीच्या बोटीचा भोंगा हमखास अर्ध्या जेवणात वाजे. त्या बोटीने मुंबईला जाणारे लोक भरल्या पानावरून उठून पळत आणि जाताना म्हणत, ह्या खानावळवाल्याने बोट चालवणाऱ्या सारंगाला फितवलंय. मालकांना हे कळलं तेव्हा ते रागावले नाहीत. त्यांना उलट खात्री पटली की सारंगाला पलीकडच्या चहावाल्याने फितवलंय, म्हणजे लोकांनी आमच्याकडे अर्धपोटी उठावं आणि बोटीत चढताना त्याच्याकडचा पाव खावा. ते पुढे कित्येक दिवस सारंगाशी बोलले नाहीत. सारंगाला याचं कारण शेवटपर्यंत कळलं नाही.

आणखी एक खोड म्हणजे उष्टी पानं बघण्याची. जेवण झालं की पान उचलण्याआधी मालक वाकून ते बघत. भात टाकला असेल तर भात कच्चा, भाजी टाकली असेल तर भाजी खारट. "माणूस तोंडाने 'छान' म्हणतो. पान खरं बोलतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पण याचा उलटा परिणाम असा झाला की गिऱ्हाइकंही मालकांचं पान बघायला लागली. ते जेवून उठले की आजूबाजूचे माना लांब करायचे. मालकांनी चिमूटभर जरी काही टाकलं असतं, तरी दुपारपर्यंत बंदरभर झालं असतं की आज मालकांनाच त्यांचं अन्न गेलं नाही. म्हणून त्यांचं पान नेहमी पुसल्यासारखं लख्ख असायचं. आवडो न आवडो, ते संपवायचे.

मालक बसायचे ते मात्र नेहमी साध्या पंगतीत. माशांच्या पंगतीतून ते चक्कर मारत, पान घेत नसत. आधी मला वाटलं त्यांच्यात खात नसतील. पण तसं नव्हतं. सकाळी कोळणी पाट्या घेऊन मागच्या दारी यायच्या, तेव्हा मालक त्यांच्याकडे पाठ करून उभे राहात आणि खाडीकडे बघत भाव करत. एक म्हातारी कोळीण रोज त्यांची टिंगल करायची. "आमच्याशी बोलताव की खारीशी? म्हावरं इकडं हाय." मालक पाठमोरेच म्हणत, "ताजं आहे?" ती म्हणे, "तोंड फिरवलंस त दिसंल." ते फिरवत नसत. गोदाआत्या पाटीत हात घालायची, आणि ती म्हणेल ते प्रमाण. सगळ्या जगावर संशय घेणारा माणूस या एका बाबतीत तिच्यावर सोडून मोकळा व्हायचा, हे मला चमत्कारिक वाटे. माझ्या मनात तर आलं होतं की या दोघांचं काहीतरी साटंलोटं असावं. मालकांच्या संगतीत राहून माझंही मन नितळ राहिलं नव्हतं.

शेवटी गोदाआत्यानेच एके दिवशी सांगितलं. मालकांना एक धाकटा भाऊ होता. आईबाप लवकर गेले, तेव्हा यांनीच त्याला वाढवला. बोटी नियमित नव्हत्या त्या काळात तो मचव्याने मुंबईहून येत होता. खाडीच्या तोंडाशी वारा फिरला, मचवा उलटला. बाकीची प्रेतं लागली किनाऱ्याला, याचं लागलं नाही. मालक कितीतरी दिवस रेवसपासून मांडव्यापर्यंत किनारा तुडवत होते.

"तवापासनं म्हावरं बंद," गोदाआत्या म्हणाली. "कुठल्या म्हावऱ्यानं काय खाल्लं आसंल, म्हंतो. खानावल तर चालवली पायजेल. बंदरावर म्हावऱ्याबिगर कोन येनार?"

त्यानंतर मला मालकांची दया येऊ लागली, असं लिहायला बरं वाटलं असतं. पण खरं सांगायचं तर मला त्यांची जास्त भीती वाटू लागली. जो माणूस एकेका माशावर एवढा जुना राग धरून बसतो, तो माझी एखादी चूक किती वर्षं सांभाळेल, असं वाटायचं.

आता माझ्या लग्नाचं. माझं लग्न जमत नव्हतं. घर बरं, मी धडधाकट, मुंबई बघितलेला, पण मुलीकडचे विचारायचे, "करतो काय?" आणि वाढपी म्हटलं की चहा पिऊन उठायचे. उष्टी उचलणाऱ्याला मुलगी कशी द्यायची? एका सोयऱ्याने तर माझ्या आईच्या तोंडावर सांगितलं होतं की त्यापेक्षा गडी परवडला, तो निदान स्वतःच्या अंगणात जेवतो. आईने ते मनाला लावून घेतलं होतं. मग पोयनाडकडची एक मुलगी मामाने सुचवली. तिला मी जत्रेत पाहिलं होतं. बांगड्या भरताना कासाराशी हुज्जत घालत होती, आणि मला ती हुज्जत फार आवडली होती. हे लग्न झालं नाही तर मी पुन्हा मुंबईला निघून जाणार आणि परत तोंड दाखवणार नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

मुलीचा बाप म्हणाला, घरी येऊन बघण्यात काही अर्थ नाही, घरी सगळेच चांगले असतात. मी त्याला कामावर बघेन, न सांगता. मामाने टांगेवाल्याबरोबर मला निरोप धाडला: आज बोटीच्या वेळेला पाहुणे येतील, कानात भिकबाळी, डोक्याला लाल पागोटं, हातात मूठ तुटलेली छत्री. तुला काही माहीत नाही असंच वाग. त्यांच्या पानात कमी पडू देऊ नकोस.

पाहुणे आले. मी दुरून ओळखले. अंगरखा धुवट, कोपरावर ठिगळ. दारातून आत आले, माशांच्या पंगतीशी क्षणभर रेंगाळले. त्या दिवशी ताजे बोंबील मिळाले होते, आणि गोदाआत्या ते तांदळाच्या पिठात घोळवून तळत होती. तळणीचा वास साऱ्या बंदरावर पसरला होता. पाहुणे तिथून निघाले आणि रेघ ओलांडून साध्या पंगतीला आले. भिंतीकडच्या पाटाशी छत्री ठेवली आणि हातपाय धुवायला मागे गेले.

साधं जेवण माशांच्या जेवणापेक्षा स्वस्त होतं. मला वाटलं, भातशेतीचा माणूस, गाठीला बेताचे पैसे, मन मारून इकडे आला. आणि ज्याच्या घरची मुलगी मी मागतोय, त्याने माझ्या हातचं जेवताना मन मारावं? मी गोदाआत्याकडे गेलो आणि सांगितलं, सासरा आलाय. तिने दोन बोंबील पानाच्या तुकड्यात गुंडाळून दिले.

"घे. पन मालकाला कललं त मी न्हाय दिलं."

यात मी चोरी केली असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. लोक अजून हात धूत होते. मी भिंतीकडच्या पानावर बोंबील ठेवले आणि वर भाताची मूद नीट पालथी घातली. बोंबील ताजा असला की त्याचा काटासुद्धा मऊ असतो, चावून खाता येतो, पानात मागे काही उरत नाही. पाहुण्यांना भात फोडताच कळेल, ते एकवार माझ्याकडे बघतील आणि गालातल्या गालात हसून जेवतील, असं सगळं चित्र मी रंगवून टाकलं होतं.

परत फिरलो तर मालक समोर. "हात," ते म्हणाले. मी हात पुढे धरला. पानाच्या तुकड्याने धरले होते तरी बोंबीलच तो. मालकांनी हात हुंगला. एरवी काहीतरी टोमणा मारला असता. त्या दिवशी त्यांनी नुसता हात सोडला आणि ते पंगतीकडे गेले.

लोक बसत होते. मालकांनी चक्कर सुरू केली. माशांची ओळ झाली, रेघ ओलांडली, साधी ओळ सुरू झाली. कचेरीचा कारकून गेला, मिरचीचा व्यापारी गेला. मी आमटीचं भांडं धरून देवाचं नाव घेत होतो. मालक भिंतीपाशी थांबले.

"पाहुणे, तुम्ही जरा शेजारच्या पाटावर बसा. हे पान माझं."

पाहुण्यांनी छत्री उचलली आणि ते शेजारी सरकले. त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की या खानावळीत काहीतरी काळंबेरं आहे. मालक बसले. त्यांनी मूद फोडली. भाताच्या पांढऱ्यातून तळणीचा तांबूस रंग मला चार हातांवरून दिसला. मालकांनी बोटाने वरचा भात ओढून तो झाकला.

माझं लग्न, माझी नोकरी आणि खानावळीची अब्रू अशी तिन्ही त्या भाताखाली होती. साध्या पंगतीत तळलेला बोंबील निघाला असता तर ती सगळी ओळ हात झटकून उठली असती, आणि पुन्हा कधी बसली नसती. आणि हे दुसऱ्या कुणाच्या नव्हे, बघायला आलेल्या सासऱ्याच्या शेजारी बसून मालक बाहेर काढणार होते. मी ओरडण्याची वाट बघत उभा राहिलो.

"बिरडं आण," मालक म्हणाले.

मी आणलं. "आणखी." मी आणखी वाढलं. त्यांनी सगळं कालवलं, बोटांनी दाबून दाबून एक केलं, आणि घास तोंडात घातला. जेवताना ते कधी कुणा एकाकडे बघत नसत, सगळ्यांकडे बघत असत. त्या दिवशी ते पानाखेरीज कुठेच बघत नव्हते. पहिला घास त्यांनी चावलाच नाही. मला त्यांच्या गळ्याची घाटी वर जाऊन तिथेच अडकलेली दिसली. मग ती खाली गेली. शेजारी पाहुणे एकदा त्यांच्याकडे आणि एकदा स्वतःच्या पानाकडे बघत जेवत होते. मालकांनी सगळं पान संपवलं, आमटीचा ओघळ बोटाने पुसला आणि उठले. लोकांनी नेहमीप्रमाणे माना लांबवून पाहिलं. पान लख्ख होतं.

जेवणं आटोपल्यावर पाहुणे गल्ल्याशी सुपारी घेत घुटमळले. मी जवळच पाट उचलत होतो.

"मालक, येक इचारायचं व्हतं. त्यो वाढनारा मानूस कसा हाय?"

"तुम्हाला कुणी पाठवलं?"

"कोनी न्हाय. माजी पोरगी द्यायची हाय. इस्वासाचा हाय का, तेवढं सांगा."

मालकांनी तपकिरीची चिमूट घेतली, पण ओढली नाही. कुणाबद्दल चांगला शब्द काढताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. तो कसा काढायचा हेच त्यांना आठवत नसावं.

"त्याने वाढलेलं पान मी न तपासता घेतो," ते म्हणाले. "आज तुमच्या डोळ्यांदेखत घेतलं."

"व्हय, ते बघितलं मी." पाहुण्यांचा चेहरा खुलला. "मंग जमलं म्हनायचं. आता मलाबी सुटका. गावदेवीला बोललोय ना, पोरीचं ठरल्याबिगर म्हावरं तोंडात घालनार न्हाय. लय दिस झालं. मगाशी तुमच्या त्या तव्यापासनं येताना पाय उचलंना."

माझ्या हातातला पाट खाली पडला. पाहुण्यांनी मन मारलं होतं ते पैशासाठी नव्हतं. मी त्यांच्या नवसात बोंबील पुरून ठेवले होते. त्यांनी मूद फोडली असती तर मुलगी तर राहोच, माझ्या सात पिढ्यांना पोयनाडच्या बाजूला कुणी पाणी दिलं नसतं.

पाहुणे टांग्यात बसून गेले. ओहोटी लागली होती. मालक मागच्या दारी, खाडीच्या बांधावर उभे होते. तांब्यातलं पाणी घेऊन चुळा भरत होते, पुन्हा पुन्हा. मी मागे जाऊन उभा राहिलो.

"पैसे नाहीत म्हणून इकडे बसला, असं वाटलं तुला," ते न वळता म्हणाले.

"हो."

"ज्याच्याजवळ पैसे नसतात तो मान खाली घालून पुढे जातो. तो तव्यापाशी थांबला, हसला आणि मग निघाला. ज्याने स्वतःहून मासा सोडलाय तो असा बघतो. मला ते बघणं ओळखता येतं."

"मग तुम्ही पान उचलायला का नाही सांगितलं?"

"पान उचललं असतं तर का उचललं ते सगळ्यांनी विचारलं असतं. मी पान मागून घेतलं तर कुणी विचारत नाही."

मला रडू आलं. मी त्यांच्या पाया पडायला वाकलो, तर ते चटकन मागे सरकले. "पाया कशाला पडतोस? अजून काय लपवलंयस?"

मी खरोखर काही लपवलं नव्हतं. तसं सांगितलं. त्यांनी ते तपासल्यासारखं माझ्याकडे पाहिलं आणि मग म्हणाले, "लग्न कर आणि इथून जा. अलिबागला माझ्या ओळखीची खानावळ आहे. मी सांगून ठेवतो."

मगाचं रडू कुठल्या कुठे गेलं आणि मला राग आला. पाहुण्यांसमोर चांगला म्हणायचं आणि पाठ फिरताच हाकलायचं, ही कुठली रीत? मी तसं बोललोही. म्हटलं, "एका चुकीसाठी घालवता?"

"चुकीसाठी कोण घालवतो? नोकर चुकले नाहीत तर मी दिवसभर बघू कुणाकडे?"

"मग का?"

त्यांनी तांब्या उचलून आणखी एक चूळ भरली. खाली चिखलात बगळे उतरले होते. मला वाटलं आता उत्तर मिळत नाही, आणि मी जायला निघालो.

"पहिला घास धाकट्याच्या आठवणीने जाईना," मालक म्हणाले. "दुसरा चांगला लागला."

मी थांबलो.

"इतकी वर्षं मला वाटत होतं, मला मासा नकोसा झालाय. तसं नव्हतं. चांगला लागला. आणखी असता तर आणखी खाल्ला असता, इतका चांगला लागला." त्यांनी तांब्या उपडा केला. त्यात पाणी उरलं नव्हतं. "तू समोर आलास की मला रोज हेच आठवणार. म्हणून जा."

माझं लग्न झालं. कासाराशी हुज्जत घालणारी ती मुलगी अजून माझ्याशी घालते. मी अलिबागला वाढपी झालो, पुढे तिथेच माझं बस्तान बसलं. मुंबईहून येताना रेवसला उतरावं लागायचंच. धक्क्यावरून टांग्याकडे जायची सरळ वाट मालकांच्या दारावरून होती. बायको विचारायची, खानावळीत जाऊन त्यांच्या पाया पडून येऊ या का, त्यांनीच तर आपलं जमवलं. मी नाही म्हणायचो, आणि तिला घेऊन मागच्या चिखलातून वळसा घालून जायचो. तिला वाटायचं मी अजून त्यांना घाबरतो. तिला तसंच वाटू दिलं. त्या माणसाने माझ्यासाठी जे गिळलं होतं, ते माझं तोंड बघून त्याच्या जिभेवर पुन्हा येऊ नये, एवढीच माझी इच्छा होती.